आहारतज्ज्ञ मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

बाबांच्या रक्ततपासणीचा अहवाल घेऊन आम्ही आपल्याकडे आलो, तेव्हा वर्ज्य पदार्थांची एक यादी हाती पडेल, एवढीच आमची अपेक्षा होती. आपण मात्र कोणता पदार्थ आठवड्यातून किती वेळा आणि किती खाल्ला जातो, हे आधी विचारून घेतलेत आणि त्यावरून कोलेस्टेरॉलचा हिशेब मांडून दाखवलात. त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

वजनाच्या प्रमाणात पाहिले तर प्राण्यांचा मेंदू आणि यकृत यांत कोलेस्टेरॉल फार असते, परंतु जे क्वचितच ताटात येते त्याचा एकूण सेवनातला वाटा लहानच राहतो, हा फरक आपण प्रथम स्पष्ट केलात. याउलट एका मोठ्या अंड्यात सुमारे 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, तेही सगळे बलकात, आणि अंडी नेहमी खाल्ली जात असतील तर बहुधा तीच पहिल्या क्रमांकावर येतात. कोंबडीच्या शिजवलेल्या 100 ग्रॅम मांसात ते साधारण 85 मिलिग्रॅम असते, तरी वारंवार खाल्ल्यामुळे बेरीज वाढते. चरबी काढून टाकलेल्या मांसातही ते फारसे घटत नाही, कारण कोलेस्टेरॉल पेशींच्या आवरणांतही असते. हे ऐकून बाबा, जे चरबीचा प्रत्येक तुकडा बाजूला सारतात, काहीसे हिरमुसले.

आपले सर्वांत मोलाचे स्पष्टीकरण पुढचे होते. शरीर बहुतेक कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करते आणि आहारातून अधिक आले की बऱ्याच जणांत ही निर्मिती कमी होते. संपृक्त चरबीमुळे (सॅच्युरेटेड फॅटमुळे) मात्र रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याची यकृताची क्षमता मंदावते. म्हणूनच कोलेस्टेरॉल भरपूर पण संपृक्त चरबी अत्यल्प असलेल्या कोळंबीपेक्षा लोण्याची अधिक काळजी करावी, असे आपण सांगितलेत. खोबरेल तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, पण संपृक्त चरबी 80 टक्क्यांहून अधिक असते. (वनस्पती तेलाच्या बाटलीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक छापण्यात कसले कौतुक, हे मला आता उमगत नाही.)

आपल्या सल्ल्यानुसार बाबांनी लोणी आणि चीज कमी केले असून बलकांची संख्या ठरवून घेतली आहे. कोळंबी सोडावी लागली नाही, याचा आनंद ते भेटेल त्याला सांगत असतात. पुढील तपासणीचा अहवाल घेऊन आम्ही आपल्याकडे येऊच.

आपली नम्र,
एका रुग्णाची मुलगी