मुक्तिदिनाचा तांब्या

अस्नोडा, बार्देश
२० डिसेंबर

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी अंगणातला बाक आत ओढत होतो, दमलोही होतो, म्हणून धड बोललो नाही. सव्वीस जानेवारीला सोसायटीत तुला भाषणाला उभं करताहेत आणि वर 'समाजोपयोगी काहीतरी' ठरवायला कमिटीत नावही घातलंय, एवढं कळलं. तू म्हणालीस, "बाबा, चार ओळी लिहून द्या, शाळेत एवढी वर्षं हेच केलंत." केलं खरं. पस्तीस वर्षांत मुलांना इतकी भाषणं लिहून दिली की 'सन्माननीय व्यासपीठ'पासून 'जय हिंद'पर्यंत मधलं सगळं एका वर्षाचं दुसऱ्या वर्षी लावलं तरी कुणाला पत्ता लागला नसता. तुला तसलं देणार नाही. हे पत्र वाच आणि काय बोलायचं ते तूच ठरव.

पुण्यात काल कामाचा दिवस. गोवा मुक्तिदिनाची सुट्टी आपल्याच राज्यापुरती. इथे सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, मुलांना पेढा मिळाला, साडेआठला मैदान रिकामं. मी घरी येऊन आजीचा तांब्या काढला, गुळाचा खडा फोडला आणि पडवीत बसलो. लहानपणी तू त्या तांब्यापाशी कावळे हाकलायला बसायचीस, आठवतं? गूळ मात्र कावळ्यांपेक्षा तूच जास्त संपवायचीस.

हे गूळपाणी का ठेवतो ते तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. आजी होती तोवर ती सांगेल असं मला वाटायचं आणि तिला वाटायचं मास्तर सांगतील.

मी सात वर्षांचा होतो. १८ डिसेंबर १९६१ ची पहाट. पाकल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, मागे सरताना आपला अस्नोड्याचा पूल उडवला. एवढा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. कौलांतली धूळ अंथरुणावर पडली. आईने मला आणि तुझ्या आत्याला माच्याखाली ढकललं आणि स्वतः चुलीपाशी जाऊन बसली, जणू पेज वेळेवर झाली की बाकीचं निभेल. ऊन वर आलं तसे दोडामार्गाकडून भारतीय सैनिक येताना दिसले. पूल नाही म्हणून खोळंबा, माणसं इकडेतिकडे. त्यातला एक पगडीवाला आमच्या अंगणात आला आणि हाताची ओंजळ करून दाखवली. आईला हिंदी येत नव्हती, त्याला मराठी ना कोंकणी. तिने तांब्याभर पाणी आणि गूळ दिला. त्याने ओठ न लावता, तांब्या वर धरून पाणी प्यायलं, हात जोडले आणि गेला. सगळं मिळून पाच मिनिटं.

नंतर आई आयुष्यभर एकच म्हणायची, "त्याचं नाव विचारायचं राहिलं रे."

पुढच्या वर्षीपासून तिने तांब्या बाहेर ठेवायला सुरुवात केली. जो येईल त्याला गूळपाणी, आणि पाणी पिऊन झालं की नाव विचारायचं. पोस्टमन असो, पाव विकणारा पोदेर असो, वाट चुकलेला पर्यटक असो. तुला वाटायचं आजी चौकस आहे. चौकस ती होतीच, पण त्या दिवसाचं कारण वेगळं होतं.

नावांचं हे प्रकरण आपल्या गावाला जवळचं आहे. बाळा राया मापारी आपल्याच अस्नोड्याचा, पोर्तुगीजांविरुद्ध लढणाऱ्या आझाद गोमंतक दलातला. इथल्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यानंतर पकडला गेला. साथीदारांची नावं सांग म्हणून त्याचे अतोनात हाल केले. त्याने एकही नाव सांगितलं नाही आणि १८ फेब्रुवारी १९५५ रोजी कोठडीतच गेला. मुक्तिसंग्रामातला पहिला हुतात्मा म्हणतात त्याला. शाळेत मी हे दरवर्षी सांगायचो. एकदा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "मास्तर, ज्यांची नावं सांगितली नाहीत ते मग कोण होते?" कोण म्हणजे, गावातलेच. घरी परत येऊन जेवले-झोपले, म्हातारे झाले. त्यांतल्या कुणाची नातवंडं माझ्या वर्गातही असतील. मला त्या प्रश्नानंतर पुढचा धडा घेता आला नाही.

आताच्या मुलांना तेव्हाचा धाक सांगून पटत नाही. म्हणून मी त्यांना लग्नपत्रिकेची गोष्ट सांगतो. त्या राजवटीत साधी लग्नपत्रिका छापायलाही सेन्सॉरची मंजुरी लागायची. वराचं नाव, वधूचं नाव, मुहूर्त, आणि सरकारचा शिक्का. हसतात मुलं. दुसरी गोष्ट बटाट्यांची. १९५५ नंतर भारताने नाकेबंदी केली तेव्हा गोव्यात बटाटे हॉलंडहून यायचे. आजी म्हणायची, दिसायला छान, पण आमटीत आपल्या बेळगावच्या बटाट्याची सर नाही.

आता तुझ्या भाषणाबद्दल. सगळा स्वातंत्र्यलढा पाच मिनिटांत कोंबू नकोस. एक माणूस घे. करनैल सिंग घे हवं तर. पंजाबातल्या इसरू गावचा तरुण. गोवा त्याने पाहिलेला नव्हता, इथे त्याचं कुणी नव्हतं. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही हातात शस्त्र न घेता हद्द ओलांडून आत येत होते, त्यांच्यात तो पत्रादेवीला होता. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात वीसहून जास्त माणसं गेली, त्यात तोही. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली होती, दिल्लीत त्याच सकाळी झेंडा फडकला असेल. म्हणून पंधरा ऑगस्ट आला की मला लाल किल्ल्याआधी पत्रादेवी आठवते. तू पुण्याहून येतेस ती बस तिथल्या हुतात्मा स्मारकाजवळूनच जाते. बहुतेक वेळा तू झोपलेली असतेस.

नाहीतर मेजर सिद्धू आणि कॅप्टन सेहगल यांचं सांग. गेल्या मे महिन्यात छोटीला आग्वादचा तुरुंग दाखवायला नेलं होतं, तिथे आता संग्रहालय आहे. हे दोघे भारतीय सैन्याच्या सातव्या कॅव्हलरीचे. लढाई जवळजवळ संपली होती, तरी आग्वादात राजकीय कैदी अडकलेत म्हणून त्यांना सोडवायला गेले आणि किल्ल्यापाशीच गोळीबारात पडले. १९ तारखेच्या संध्याकाळी पोर्तुगीजांची शरणागती झाली. छोटी मला विचारते, "आजोबा, आत कोण आहेत ते त्यांना माहीत होतं?" नव्हतं. नावंसुद्धा माहीत नसणार. आमच्या अंगणात पाणी प्यालेला तो पगडीवाला पुढे बेतीपर्यंत गेला, की आणखी कुठे, देव जाणे. त्या कारवाईत आपले बावीस जवान गेले.

इथे थोडं विषयांतर करतो, तू भाषणात घेऊ नकोस, सोसायटीत वाद होतील. शेवटचा गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा, त्याला लिस्बनहून पंतप्रधान सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नको. त्याने ऐकलं नाही. शरण आला, पणजी वाचली. मायदेशी त्याला त्यासाठी सैन्यातून काढून टाकलं. राजवट त्याचीच होती, हे विसरत नाही. तरी कृतज्ञतेची यादी करायला बसलो की कोपऱ्यात त्याचंही नाव लिहावंसं वाटतं.

आणि मोहन रानडे. मराठी शिकवायला सावईवेऱ्याला आलेला मास्तर, बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला आणि पोर्तुगालच्या तुरुंगात गेला. गोवा मुक्त झाला, इथे निवडणुका झाल्या, सरकार आलं, तरी हा तिकडेच. सुटला तो जानेवारी १९६९ मध्ये. आम्ही सात वर्षं मुक्तिदिन साजरे केले तेव्हा तो आत होता.

आता दुसरी गोष्ट, ती 'समाजोपयोगी'. यात मी एकदा वाईट चुकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तू तेव्हा तिसरीत असशील. एका पंधरा ऑगस्टला आम्ही शाळेत बारा मुलांना वह्या वाटल्या. मुलं मीच निवडली होती. झेंड्याखाली ओळीने उभी केली, पाहुण्यांनी एकेकाच्या हातात वह्या देऊन कॅमेऱ्याकडे बघितलं, दोन दिवसांनी फोटो पेपरात नावांसकट आला. 'गरजू विद्यार्थी' असं खाली छापलेलं. मी कात्रण फलकावर लावलं. त्यातल्या एका मुलाची आई दुसऱ्या सकाळी शाळेच्या पायरीवर आली. ती चार घरची भांडी घासायची. वह्या तिने पदराखालून काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाली, "मास्तर, मी काम करते त्या घरांतली मुलं याच्याच वर्गात आहेत." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

कात्रण मी काढलं, पण मुलांनी वाचायचं ते वाचलं होतं. पुढच्या जूनपासून वह्या वर्गातल्या कपाटात ठेवायला लागलो. कपाटाला कुलूप नाही, वहीत नोंद नाही, ज्याची संपली त्याने घ्यावी. सहकारी म्हणाले, मुलं लुटतील. पहिल्या महिन्यात थोडी लूट झाली, मग थांबली. खर्च मात्र आधीपेक्षा फार वाढला नाही.

तेव्हा तुमच्या कमिटीत कुणी 'वॉचमन आणि सफाई कामगारांचा सत्कार' सुचवलं तर आधी विचार, त्या दिवशी पहाटे झेंड्याची दोरी कोण बांधतो आणि नाश्ता कुणाला शेवटी मिळतो. त्यांना स्टेजवर उभं करून शाल घालण्यापेक्षा त्या दिवशीची भरपगारी सुट्टी आळीपाळीने द्या. गेटवर तासतास तुम्ही उभे राहा. तुझ्या नवऱ्याला हे जमेल, त्याला तशीही पहाटे झोप येत नाही.

रक्तदान शिबिराचं बोलत होतीस. चांगलंच आहे, मीही पासष्ट वर्षांचा होईपर्यंत देत होतो. पण रक्ताला तारीख असते. तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. सगळ्या शहराने सव्वीस जानेवारीलाच दिलं तर मार्चमध्ये त्याचा काय उपयोग? एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावी, आणि रक्तपेढ्यांत चणचण. म्हणून त्या दिवशी थोड्यांनीच द्या, बाकीच्यांनी नाव आणि महिना लिहून द्यावा. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. यादी तू ठेव. कंटाळवाणं काम आहे, फोटो निघत नाही, म्हणून तुलाच सांगतो.

आणखी एक. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन होऊन गेला. शाळेत आम्ही ते छोटे तिरंगी बिल्ले विकायचो: लाल, गडद निळा, फिका निळा, तिन्ही दलांचे. पैसे माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी जातात. तुमच्या तीनशे घरांत सैन्यातून निवृत्त झालेलं कुणी आहे का, शोध. असेल तर त्यांना कार्यक्रमात आणू नकोस, तू त्यांच्या घरी जा. छोटीला घेऊन जा. चहा ते देतील, तो पी, आणि ते जे सांगतील ते ऐक, मग ते बदल्यांचं असो की गुडघ्यांचं.

कालचं सांगायचं राहिलं. दिवसभरात पाचजण आले. त्यात रस्त्याच्या कडेला गटार खणणारी दोन झारखंडची मुलं होती. गूळ बघून दचकली. एकाने विचारलं, कसलं आहे? मी माझ्या तोडक्या हिंदीत सांगितलं की आज गोवा मुक्त झाला, म्हणून. तो पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "तो फिर आज हमारी छुट्टी क्यों नहीं?"

मला उत्तर सुचलं नाही. नाव विचारलं, त्याने सांगितलं, मी आजीच्या वहीत लिहून ठेवलं. ती वही तू बघितली नाहीस अजून. १९६२ पासूनची नावं आहेत तिच्यात, पहिली काही पानं मोडीसारख्या अक्षरात.

तांब्या यंदा तुझ्याकडे पाठवतोय. माझे हात आता थरथरतात, पाणी सांडतं. सोमवारच्या रात्रीच्या बसने ओळखीच्या ड्रायव्हरकडे देतो, स्वारगेटला उतरवून घे. सोबत गुळाची अर्धी ढेप आणि कोकमं आहेत. पावडरीने घासू नकोस, काळा पडतो. चिंच आणि मीठ लाव, हाताने चोळ आणि उन्हात पालथा घाल.

तुझा,
बाबा