विंगरनंतरच्या गाडीविषयी आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थस्वरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, आपली टाटा विंगर काढून दुसरी जुनी कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घ्यायचे तुम्ही अखेर मनावर घेतलेत, हे आईकडून कळले आणि पाठोपाठ तुम्ही पाठवलेले तीन गाड्यांचे फोटोही मिळाले. फोनवर या विषयाचे आपले बोलणे इंजिनापासून सुरू होते आणि इंजिनापाशीच संपते, म्हणून या वेळी सविस्तर लिहूनच कळवते आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की गाडी निवडावी ती तिच्या सांगाड्यावरून आणि कागदपत्रांवरून, आतल्या सजावटीवरून नव्हे. कारण आतले सगळे फर्निचर उद्यमनगरच्या वर्कशॉपांत मनासारखे करून मिळते, पण गंजलेला सांगाडा आणि अडकलेले आरसी बुक नीट करून देणारा कारागीर कोल्हापुरातही सापडत नाही.

आपली विंगर कायद्याने अजून रस्त्यावर चालू शकते. पंधरा वर्षे झाल्यावर तिची फेरनोंदणी तुम्ही करून घेतलीत आणि 2022 पासून वाढलेले पाच हजारांचे शुल्क व पर्यावरण करही भरलात, त्यामुळे ती मुदत संपेपर्यंत कागदोपत्री अडचण नाही. अडचण आहे ती तिच्या पत्र्याची. विंगरला ट्रकसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते. खालचा आणि बाजूचा पत्रा मिळूनच सगळा भार पेलतो, त्यामुळे सरकत्या दाराच्या उंबऱ्याखाली लागलेला गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. गेल्या वेळी मी सिंकखालची कडी काढून पाहिली तेव्हा तळाचा प्लायवूड अंगठ्याने दाबताच भिजलेल्या बिस्किटासारखा आत गेला आणि त्याखालच्या पत्र्याला तुम्ही लावलेल्या एम-सीलच्या थरालाच भोक पडलेले दिसले. अशा गाडीवर पुन्हा पैसे घालू नयेत, हे तुमचेही मत झाले आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या गाड्यांविषयी. पहिली, एमएच 08 क्रमांकाची फोर्स ट्रॅव्हलर, आईला फार आवडली आहे, आणि ती का आवडावी हे फोटो पाहताच कळते: सागवानी रंगाची कपाटे, पडदे, छोटा फ्रीज, ओढून काढायचा पलंग, सगळेच नीटनेटके आहे. विक्रेत्याने जाहिरातीत ‘नाद खुळा कंडिशन’ असेही लिहिले आहे, त्यामुळे मी आणखीच सावध झाले. गाडीचे आजवरचे आयुष्य रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेले आहे आणि खारी हवा पत्र्याला खालून खाते. वरचा रंग नवा असेल तर उलट अधिक शंका घ्यावी. ही गाडी पाहायचीच असेल तर ती खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढवून, चॅसीचे आडवे दांडे, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि चाकांवरच्या कमानींची आतली बाजू टॉर्च लावून पाहावी, आणि खाली नुकताच काळा अंडरकोट मारलेला आढळला तर तो खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. परवानगी दिली नाही तर तेवढ्यावरच विषय संपला असे समजावे.

या गाडीची दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. आरसी बुकात तिचा वर्ग अजून प्रवासी वाहन असाच आहे. आत पलंग, ओटा आणि गॅस बसवल्याची कोठेही नोंद नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. नोंद नसलेली गाडी एरवी बिनबोभाट चालते, हे मला माहीत आहे; पण अपघात झाला किंवा आग लागली तर विमा कंपनी सर्वांत आधी हाच मुद्दा काढील, आणि ज्या गाडीत तुम्ही दोघे झोपणार आहात, तिच्याबाबतीत मी हा धोका पत्करायला तयार नाही. सजावटीपोटी विक्रेता जे दोन लाख अधिक मागतो आहे, ते म्हणजे नोंद नसलेल्या बदलाचे पैसे आपणच मोजण्यासारखे आहे.

दुसरी गाडी सांगलीची, 2018 ची विंगर. किंमत इतकी कमी का, असे आईने विचारले होते. याचे उत्तर कदाचित ऑगस्ट 2019 मध्ये असेल. त्या महापुरात सांगलीत कृष्णेचे आणि आपल्याकडे पंचगंगेचे पाणी किती दिवस उतरले नव्हते, शिरोलीजवळ महामार्ग कसा बंद पडला होता, हे तुम्हांला मी सांगायला नको; राजाराम बंधाऱ्याच्या 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी तर घरातल्या सर्वांना पाठ आहेत. त्या वर्षी आणि पुन्हा 2021 मध्ये पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. अशी गाडी चालू होते, चालतेही, पण वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट गंज धरत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांनी एकेक वस्तू बंद पडू लागते. ओळखण्याची सोपी रीत अशी की पुढचा सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढावा; सहसा बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची आडवी रेघ असेल तर ती कितीही धुतली तरी पूर्ण जात नाही. त्याखेरीज सीटखालचे रूळ, हेडलाइटच्या काचेची आतली बाजू, डॅशबोर्डखालचे स्क्रू आणि गालिच्याखालचा वास तपासावा. विम्याचा जुना दावा झाला आहे का, हे विक्रेत्याकडून मागच्या पॉलिसीची प्रत मागवून पाहता येते, कारण नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, अचानक शून्यावर आलेला असेल तर त्यामागे काहीतरी कारण असतेच.

विंगरबाबत आणखी एक मुद्दा आहे, आणि तो तुम्हांलाही पटावा. तिची पुढची चाके ओढतात. आपण पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि सामान मागे भरतो, त्यामुळे पुढचा भार हलका होतो आणि पावसाळ्यात चिखलाच्या चढावर पुढची चाके जागच्या जागी फिरतात. गगनबावड्याकडच्या त्या शेतघराच्या वाटेवर हे आपण पाहिलेलेच आहे. ट्रॅव्हलरची मागची चाके ओढत असल्याने मागे टाकलेला भार तेथे उपयोगी पडतो. तुम्हांला विंगरचा हात बसला आहे, ती शहरात कारसारखी वळते, हे सर्व मान्य आहे. तरीही तुमचा बहुतेक प्रवास करूळ, आंबोली आणि आंबा या घाटांतून कोकणात उतरण्याचा असल्यामुळे माझा कौल ट्रॅव्हलरकडे आहे.

म्हणून मला तिसरी गाडी योग्य वाटते, जिच्या फोटोकडे तुम्ही दोघांनीही फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्याची कामगार ने-आण करणारी 2019 ची ट्रॅव्हलर, आत नुसत्या सीटा, पिवळी पाटी, बाहेरून ओबडधोबड. तिने रोज ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, एकाच चालकाच्या हाताखाली काम केले आहे, आणि कारखान्याच्या गाड्यांची तेल-फिल्टरची नोंदवही बहुधा असते. किलोमीटर अधिक असतील, पण डिझेल इंजिनाला रोजचे सलग धावणे मानवते; तुम्हांला एका ओळखीच्याने सुचवलेल्या जुन्या रुग्णवाहिकेचे मीटर कमी दिसते खरे, परंतु रुग्णवाहिका तासन् तास एका जागी चालू इंजिनावर उभी असते आणि ते तास मीटरवर उमटत नाहीत. शिवाय ही गाडी एप्रिल 2020 पूर्वीची, म्हणजे बीएस-4 या जुन्या प्रदूषण मानकाची आहे. बीएस-6 डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो आणि तो स्वतःला जाळून साफ करण्यासाठी मधूनमधून लांबचा वेगवान पल्ला लागतो. आपली गाडी दोन प्रवासांच्या मध्ये कित्येक दिवस राजारामपुरीत उभी राहते आणि चालली तरी भाजी आणण्यापुरती, त्यामुळे तसला फिल्टर तुंबण्याची कटकट तुमच्या मागे लागेल. महाराष्ट्रात बीएस-4 चालवण्यास आज आडकाठी नाही.

पिवळी पाटी पांढरी करून घ्यावी लागेल, हे काम थोडे किचकट आहे. परवाना परत करणे, थकीत कर आणि ई-चलने फेडणे हे विक्रेत्याने करून द्यावे, असे व्यवहाराच्या कागदावरच लिहून घ्या. कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35, शिवाय मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या, हे हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्या. विमा तुमच्या नावावर करण्यासाठी हस्तांतरानंतर चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर समोरच्या व्यक्तीचे नुकसान भरून निघते, आपल्या गाडीचे नाही. कॅरव्हॅनचा बदल मात्र आरटीओची आधी परवानगी घेऊन आणि आराखडा दाखवूनच सुरू करावा.

आतल्या कामाबाबत आईचे ऐकावे, एवढेच माझे सांगणे आहे. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी दाराला खाली उतरणारी रुंद पायरी आणि आत शिरताना धरायला उभा दांडा हवाच, आणि पलंग रोज उघडायचा-मिटायचा नसावा. बाबा, शिशाच्या जुन्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या या गाडीत हलवू नका. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी बारा किलोच्या आसपास भरते आणि तेवढ्याच क्षमतेची शिशाची तिच्या दुपटीहून जड असते. गॅससाठी पाच किलोचा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या बंद कप्प्यात ठेवावा आणि त्या कप्प्याला तळाशी झरोका असावा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. वरची खिडकी उघडी असून त्याचा उपयोग होत नाही.

शनिवारी मी येते आहे. गाडी सकाळी थंड असतानाच आपल्यासमोर चालू करावी, असे कारखान्याच्या लोकांना आधी सांगून ठेवा. गरम करून ठेवलेल्या इंजिनाचा पहिला धूर दिसत नाही. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे आणि थांबेचना असा पांढरा धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट आत जाते आहे, हे तुम्ही मला शिकवले आहे, तेव्हा इंजिनाचा निकाल तुम्हीच द्यायचा. नंतर आपण ती ज्योतिबाच्या चढावर नेऊ, तापमानाचा काटा पाहू आणि उतरताना ब्रेकचा वास येतो का ते पाहू. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे, म्हणजे आठवडा आणि वर्ष, मी उतरवून घेईन. तोवर टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नका, आणि आरसी बुक व चालू विम्याच्या प्रतीचा फोटो मला आजच पाठवा, म्हणजे थकीत चलने मी येथूनच पाहून ठेवते.

तुमची,
थोरली लेक