आधी मॉड्यूलचा दोष सिद्ध केलात, त्याबद्दल

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गॅरेजमधून दुरुस्त झालेली गाडी ताब्यात घेताना मी तोंडी आभार मानले होते, पण घाईत. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. तुम्ही नेमकं काय काय केलंत ते लिहून, चारचौघांसमोर आभार मानायचे होते. ज्यांना कोणी नुकतंच सांगितलंय की तुमच्या गाडीचं ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारं संगणकासारखं कंट्रोल मॉड्यूल, गेलं, त्यांच्याही ते कामी येईल.

आमचा डिझेल पिकअप तापला की चालता चालता बंद पडायचा आणि थंड झाला की पुन्हा सुरळीत चालू व्हायचा. गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर लावला की यू ०१०० हा कोड यायचा, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटलेला. तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी हा कोड वाचून लगेच निकाल देऊन झाला होता: मॉड्यूल बदला. तुम्ही तो निकाल शांतपणे ऐकलात आणि म्हणालात, "असेलही तसं. पण ते उत्तर का देत नाही, हे आधी बघू. त्याला वीजच पोचत नसेल तर ते बिचारं बोलणार कसं?"

मग तुम्ही मॉड्यूलच्या कनेक्टरवर येणारा पुरवठा तपासलात. मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवत होता, तरी तुमचं समाधान झालं नाही. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो बारा व्होल्टच दाखवेल, हे तुम्ही मला त्याच वेळी सांगितलंत. तुम्ही त्याच वायरीवर हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब पेटवून पाहिलात. बल्ब लख्ख पेटला. अर्थची वायरही तशीच तपासलीत. बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजलात, तो ६० ओहम भरला. गाडीतली मॉड्यूलं ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्या नेटवर्कच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात आणि ते समांतर जोडलेले असल्याने मिळून ६० दिसतात. आकडा १२० आला असता तर कुठेतरी एक टोक सुटलंय असं कळलं असतं. म्हणजे पुरवठा ठीक, अर्थ ठीक, नेटवर्कच्या तारा ठीक.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. मॉड्यूल बऱ्याच सेन्सरांना पाच व्होल्टचा पुरवठा देतं आणि तो अनेकांमध्ये सामायिक असतो. त्यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळा पुरवठाच खाली बसतो. मग भलभलते कोड एकदम येतात, काही गाड्यांत मॉड्यूल स्कॅनरशी बोलायचंही थांबतं, आणि दोष बसतो मॉड्यूलच्या माथी. चोर सोडून संन्याशाला फाशी! तुम्ही एकेक सेन्सर काढत गेलात आणि दरवेळी तो पुरवठा मोजत राहिलात. सगळे थंड असताना पाच व्होल्ट व्यवस्थित होते. मग इंजिन थंडच ठेवून हेअर ड्रायरने फक्त मॉड्यूलची पेटी हळूहळू गरम केलीत. थोड्या वेळाने पाच व्होल्ट गायब, स्कॅनरशी संपर्कही गायब. सेन्सर सगळे काढलेले, बारा व्होल्ट पोचत होते, अर्थ जागेवर होता. आता दोष मॉड्यूलचाच, यात शंका उरली नाही.

बहुतेकांनी इथे नवं मॉड्यूल मागवलं असतं. तुम्ही विचारलंत, हे मेलं कशामुळे? तेवढ्या एका प्रश्नामुळे आमचं दुसरं मॉड्यूल आज जिवंत आहे, असं मी मनापासून मानतो.

तुमच्या हाताखालच्या मुलाला तुम्ही सेल्फ मारायला सांगितलंत आणि इंजिनाचा ब्लॉक ते बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मीटर धरलात. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत फरक असायला हवा, आपल्या गाडीत तो दीड व्होल्टच्या वर गेला. ब्लॉकपासून चासीला जाणारी अर्थची विणलेली पट्टी बाहेरून धड दिसत होती, पण बोल्टखाली गंजून गेलेली होती. डिझेल इंजिनाचा स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो. जाड वाट बंद झाली की तो करंट बारीक वाटा शोधतो, आणि त्यातली एक मॉड्यूलमधून जात होती. जुनं मॉड्यूल उघडून तुम्ही मला सर्किटवरची काळवंडलेली रेघ दाखवलीत. तापल्यावर तिथला सांधा सुटायचा, थंड झाल्यावर पुन्हा टेकायचा. पट्टी न बदलता नवं मॉड्यूल बसवलं असतं तर तेही त्याच वाटेने गेलं असतं.

मॉड्यूल बसवण्याच्या कामाबद्दलही लिहायलाच हवं, कारण लोकांना वाटतं कनेक्टर बसला म्हणजे काम झालं. तुम्ही पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळवून घेतलात. सारखाच कनेक्टर असलेलं मॉड्यूल वेगळ्या इंजिनाचंही असू शकतं. जुनं मॉड्यूल काढण्याआधी ते थंड असताना स्कॅनरने त्यातली सगळी माहिती उतरवून घेतलीत: चासी नंबर, इंजेक्टरांचे कोड, धुरातली काजळी अडवणाऱ्या पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये साचलेल्या राखेची नोंद. ती नोंद गेली असती तर नव्या मॉड्यूलने जुना फिल्टर कोरा धरून चाललं असतं.

इंजेक्टरांच्या कोडांसाठी तुम्ही घेतलेले कष्ट मी विसरणार नाही. एकाच कंपनीचे, एकाच बनावटीचे इंजेक्टरही थोडं कमी-जास्त डिझेल फवारतात. तो फरक कारखान्यात मोजून प्रत्येकावर कोड छापलेला असतो आणि मॉड्यूल त्यानुसार प्रत्येकाची वेळ दुरुस्त करतं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, दाब हजार बारच्या कितीतरी पुढे जातो आणि फवारा मिलिसेकंदांत संपतो, तिथे एवढासा फरकही जाणवतो. स्कॅनरमधून मिळालेले कोड तुम्ही आरसा आणि टॉर्च घेऊन इंजेक्टरांवरच्या कोडांशी एकेक करून ताडून पाहिलेत. पूर्वी कोणी इंजेक्टर बदलला असेल आणि कोड भरला नसेल तर, हा तुमचा विचार. किती जण एवढं करतात?

नव्या मॉड्यूलमध्ये ही माहिती भरताना, म्हणजे प्रोग्रामिंगच्या वेळी, तुम्ही बॅटरीला स्थिर पुरवठा देणारं यंत्र लावलंत, ब्लोअर आणि दिवे बंद केलेत, आणि गाडीचं दारही कोणाला उघडू दिलं नाही. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवं कोरं मॉड्यूल तिथल्या तिथे निकामी होऊ शकतं. शेवटी इमोबिलायझरला, म्हणजे अनोळखी चावीने गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेला, चाव्या ओळखायला शिकवल्यात, दोन्ही चाव्या. त्याशिवाय इंजिनाने नुसती फिरकी घेतली असती, पेट घेतला नसता.

एक गोष्ट तंत्राच्या पलीकडची. मी सारखा शेजारी उभा राहून प्रश्न विचारत होतो आणि तुम्ही एकदाही वैतागला नाहीत. प्रत्येक वाचन मला मीटरवर दाखवलंत, मग कागदावर लिहिलंत. मोठा खर्च करायला सांगण्याआधी समोरच्याला त्याच्या डोळ्यांनी दिसेल असा पुरावा देणं, हे मला माझा मान राखल्यासारखं वाटलं. मीटर कसा धरायचा हे त्या मुलालाही तुम्ही त्याच आस्थेने शिकवत होतात. त्यालाही माझे आभार सांगा. सेल्फ मारून मारून तो कंटाळला असेल, पण चेहऱ्यावर तसं दिसलं नाही.

गाडी आता उन्हातान्हात, भरलेल्या मालासकट चढ चढते आणि बंद पडत नाही. वाचनांचा तो कागद मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवलाय, म्हणजे पुढे कोणी बॉनेट उघडलं तर आधी तो वाचेल. आमच्या दुसऱ्या गाडीचं इंजिनही जुनं आहे, आणि तिची अर्थची पट्टी आजवर कोणी सोडवून पाहिलेली नाही. तुम्हाला सवड असेल तेव्हा कळवा, तिलाही घेऊन येतो.

आपला ऋणी,
एक पिकअपमालक