धावायचं हाय, पण भरतीले नाई जायाचं

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत धावण्यावर पान भरून मजकूर आला होता, पूर्ण वाचला, चांगलाच होता, पण तो आमच्यासाठी नव्हता. फोटोत चकाचक टी-शर्टवाली माणसं, मागं तलाव, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ, अन सल्ला काय तर पहिली दहा किलोमीटरची स्पर्धा कशी निवडावी. इथं पहिले दहा मिनिटं कशी काढावी हा प्रश्न आहे साहेब. ज्या माणसानं शाळा सुटल्यापासून सुटलेली एसटी पकडायलाच काय ते पळून पाह्यलं, ज्याच्या शर्टाच्या गुंड्या पोटावर ताणल्या जाते, गच्चीवर वाळवण नेलं तरी ज्याले दम लागते, त्यानं सुरू कुठून करायचं हे कोणीच लिहीत नाही. म्हणून मीच लिहून राहिलो.

माझं दारव्हा तालुक्यात खता-बियाण्याचं दुकान आहे. म्हणजे दिवसभर खुर्ची, आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकासोबत अर्धा चहा, अन पोती उचलायला हमाल. वय पंचेचाळीसच्या पुढं. शुगर बॉर्डरवर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले हातपाय हलवा, म्हणून चालणं सुरू केलं, ते अंगवळणी पडलं, मग वाटलं थोडं पळून पाहावं. माझी पुतणी पोलीस भरतीची तयारी करते, तिले विचारलं किती जोरात पळायचं, तर ते म्हणते, "काका, तुमाले कोन्त्या भरतीत जायाचं हाय? हळू पळा न."

सगळा घोळ इथंच आहे. आमच्याकडं धावणं म्हणजे भरती. पोरांले 1600 मीटर, पोरींले 800 मीटर, अन सेकंदावर मार्क, त्यामुळं पळायचं तर जीव तोडूनच पळायचं असं गावातल्या लहानथोरांच्या डोक्यात बसलं आहे. भरतीचं वय निघून गेलं की त्या माणसाले पळायचं कारणच उरत नाही. एखादा चाळिशीतला माणूस हौसेनं उतरलाच तर तो त्या पोरांच्या स्पीडनं निघते, दोन मिनिटात तोंडाले फेस, बरगडीखाली कळ, दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाही, अन मग आयुष्यभर सांगत फिरते की आपल्यानं होत नाही बावा. त्याच्यानं होते, पण एवढ्या जोरात होत नाही, एवढंच.

मग कसं करायचं तर आमच्याकडं घड्याळ-बिड्याळ काही लागत नाही, रस्त्याच्या कडेचे विजेचे खांब आहेत. पहिले पाच मिनिटं झपझप चालायचं, अंग गरम झालं की दोन खांब पळायचं, तीन खांब चालायचं, परत दोन पळायचं, तीन चालायचं, असं वीस मिनिटं, मग घर. पळायचं म्हणजे किती, तर सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. कापसाले काय भाव निघाला हे सांगता सांगता मधेच श्वास तुटला तर समजा स्पीड जास्त झाला. सुरुवातीला तर इतकं हळू पळावं लागते की बाजूनं चालणारी म्हातारी पुढं निघून जाते, जाऊ द्यायची.

हे पळणं-चालणं काही आम्ही शोधून काढलेलं नाही. 1996 मध्ये अमेरिकेत जॉश क्लार्क नावाच्या माणसानं आपल्या पन्नाशीतल्या आईला घरातून उठवून पळायला लावायसाठी असा एक नऊ आठवड्यांचा कार्यक्रम बनवला, आठवड्यातून तीनच दिवस, पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळणं अन नव्वद सेकंद चालणं, असं वाढवत वाढवत शेवटी सलग अर्धा तास. पुढं ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेनं तोच आपल्या लोकांसाठी घेतला, मोबाईलवर अ‍ॅप काढलं, लाखो लोक त्यानं पळायले लागले. साठ अन नव्वद सेकंदाचा हिशेब आमच्या खांबांवर बऱ्यापैकी बसते. अन नऊ आठवड्याचे कोणाले अठरा लागले तर लागू द्या, कोणता निकाल लागणार आहे.

तीनच दिवस काहून, हे मात्र समजून घ्या, कारण उत्साही माणूस इथंच फसते. दम लवकर सुधारते, दोन-तीन आठवड्यात फरक समजते, पण नडगीचं हाड, टाच, गुडघ्याजवळच्या शिरा अन स्नायू यांले तयार व्हायले महिने लागते. छाती म्हणते पळ अन नडगी म्हणते थांब, तेव्हा नडगीचं ऐकायचं. नवा गोऱ्हा कोणी पहिल्याच दिवशी भरल्या बंडीले जुंपते का? मधल्या दिवशी आराम म्हणजे आळस नाही, हाड त्या दिवशीच मजबूत होते. अन नडगीत एकाच जागी बोट ठेवलं की दुखते असं झालं तर पळणं बंद करून डॉक्टरले दाखवा, तेल चोळत बसू नका. चप्पल घालून पळू नका हेही सांगतो, टाच घसरते अन घोटा जाते.

आता लोकांचं सांगतो, कारण खरा त्रास त्यांचाच. शहरात माणूस पळताना दिसला की व्यायाम करून राहिला असं समजतात. गावात माणूस पळताना दिसला म्हणजे काहीतरी झालं. पहिल्या हप्त्यात निम्म्या मोटारसायकली थांबल्या, "काय झालं शेठ, कोण बिमार हाय?" काही नाही म्हटलं तर, "मंग बसा न, सोडून देतो." एक जण तर म्हणे गाडी गावात सोडून पायी कुठून येऊन राहिले. त्यात सकाळची वेळ, हागणदारीमुक्त गावाची पाटी लागून वर्षं झाली तरी गोदरीचा रस्ता तो गोदरीचाच, तिथून जाताना मान खाली घालून पळावं लागते, अन कुत्रे वेगळेच. कुत्र्यासमोर पळायचं नाही, उभं राहायचं, ते बी जाते, आपला दम बी परत येते. लोकांचं म्हणाल तर पंधरा दिवसांत त्यांले नवीन विषय भेटते.

जागेचा प्रश्न मात्र पंधरा दिवसांत सुटत नाही. आमची काळी माती, पावसाळ्यात पांदणीनं, म्हणजे शेताच्या वाटेनं, दहा पावलं टाकली की बुटाले दोन किलो चिखल, अन उन्हाळ्यात तिथंच अशा भेगा की पाय गेला तर घोटा गेलाच. जिथं मुरूम पडला ती पांदण पळायले एक नंबर, डांबरापेक्षा पायाले नरम, पण अशी किती गावात आहे? 2021 मध्ये मातोश्रीच्या नावानं पांदण रस्त्यांची योजना आली, आमच्याकडं काम कुठं पोचलं ते विचारू नका. म्हणून सगळे डांबरी रस्त्यावर. कापसाच्या सीझनमध्ये पहाटे पाचला अंधारात जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्या भरधाव येते अन त्याच रस्त्याच्या कडेनं भरतीचे पोरं-पोरी पळून राहिले, अंगावर काळं टी-शर्ट, ना लाईट ना पट्टी. माझ्या पोटात गोळा येते. उजेड झाल्याशिवाय निघू नका अन समोरून गाडी दिसेल अशा बाजूनं, म्हणजे उजव्या कडेनं पळा, एवढं मी रोज सांगतो.

अन गावात मैदान आहे साहेब! शाळेचं, चांगलं मोठं, झाडं असलेलं. कंपाऊंड झालं, गेट लागलं, गेटले कुलूप लागलं. शाळेचंही चूक नाही म्हणा, रात्री लोक आत बसून बाटल्या फोडते, सकाळी ते काच लेकरांच्या पायात जाते. पण त्यावर उपाय म्हणजे सकाळच्या पळणाऱ्यांले बाहेर ठेवणं नाही. ग्रामपंचायतीजवळ ओपन जिम बसवली होती, तिचे हँडल कोणाच्या गोठ्यात आहे ते देवाले माहीत.

बायांचं तर विचारूच नका. आमच्या घरची अन शेजारच्या चार-पाच जणी जेवण झाल्यावर रस्त्यानं फिरते, चालणं चालते, पण पळायचं म्हटलं की "लोक काय म्हणन". कोणी ना कोणी लगेच लता करेंचं उदाहरण देते, मूळच्या आपल्या बुलढाण्याकडच्या, बारामतीत मॅरेथॉनमध्ये नऊवारीत अनवाणी पळून जिंकल्या. कौतुक आहेच, पण त्या नवऱ्याच्या इलाजाच्या पैशासाठी पळाल्या अन त्यांचे पाय आयुष्यभराच्या मजुरीनं तयार झालेले होते. आमच्या बाईले असा जीवावरचा प्रसंग आल्याशिवाय पळता आलं पाहिजे. त्यासाठी चार भिंतीतलं मैदान अन सकाळचा एक तास पाहिजे, दुसरं काही नाही.

दोन गोष्टी तुमच्या पुरवणीत यायलाच पाहिजे होत्या. एक ऊन. मार्चपासून सात-साडेसातच्या आत घरी, अन एप्रिल-मे मध्ये अकोला-चंद्रपूर पंचेचाळीसच्या वर जाते तेव्हा नवीन माणसानं पळणं चालण्यावर आणावं, त्यात कमीपणा नाही. सुरू करायचं तर दिवाळीनंतर करा, थंडीत तीन-चार महिने सापडते. दुसरं सिकलसेल. आपल्या विदर्भात, खास करून गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडं हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार बराच आहे, अन जास्त श्रम, अंगातलं पाणी कमी होणं यानं त्या माणसाले जोराचा त्रास उठू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी फुकट होते, ती करून घ्या, भरतीच्या पोरांनी तर आधी करा. बीपी अन शुगरवाल्यांनीही डॉक्टरले विचारूनच सुरू करावं, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पळताना शुगर खाली येऊ शकते, खिशात गुळाचा खडा ठेवा. छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली तर तिथंच थांबायचं, एवढे खांब झाल्यावर थांबतो असं नाही.

पोटाचं विचाराल तर ते अजून आहे. चहातली साखर सुटल्याशिवाय ते जाणार नाही असं घरचे म्हणतात अन बरोबरच म्हणतात. पण दुकानात माळ्यावरचं बियाणं काढायला शिडी चढलो की आता हमाल माझ्याकडं काळजीनं पाहत नाही.

तर विनंती अशी, की पुढच्या पुरवणीत एक पान आमच्यासारख्या बिनसवयीच्या लोकांसाठी द्या, फोटो गावातलाच टाका, पोटवाला माणूस चालेल. अन शाळांची मैदानं सकाळी पाच ते सात गावाले उघडी राहावी यावर जिल्हा परिषदेले जाग येईल असं काहीतरी छापा. आमच्या शाळेले चावी सांभाळायला माणूस पाहिजे असेल तर मी तयार आहे, गेट उघडून, काच वेचून, लेकरं यायच्या आत कुलूप लावून देईन, दुकान तसंही नऊला उघडते.

आपला,
एक नियमित वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, गिऱ्हाईक आधीच लय विचारते)