सायली, रोलर चढवण्याआधी

चि. सायलीस,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, की गुरुवारी एक रोलर आणि एक पोकलेन लोबेडवर, म्हणजे त्या बुटक्या लांब ट्रेलरवर, चढवून कुंभार्ली घाटाने खाली पाठवायचंय आणि लोडिंगला तुला उभं राहायला सांगितलंय. त्यानंतर तू मेसमधल्या आमटीबद्दल बराच वेळ सांगत होतीस. मी हूं हूं करत होतो, पण आमटीचं काय झालं ते मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर आईने विचारलंच, काय झालं म्हणून. म्हटलं, पाय दुखतोय. पावसाच्या तोंडावर तो दुखतोच, त्यामुळे तिने पुढे काही विचारलं नाही.

हे मला फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर विचार.

आधी कामाचं बोलतो.

लोबेड कुठे उभा करायचा ते ड्रायव्हरला ठरवू देऊ नकोस. तो पुढे बाहेर पडायला सोपं जाईल अशी जागा बघणार. तुला सपाट, कडक आणि वर तारा नसलेली जागा हवी. नव्या भरावावर तर मुळीच नको. भराव वरून सुकलेला दिसतो आणि आत लोण्यासारखा असतो. रॅम्प जिथे टेकणार तिथे आदल्या दिवशी स्वतः चालून ये, टाच दाबून बघ. थोडी जरी रुतली तरी रॅम्पखाली जाड लाकडी स्लीपर टाकायला सांग. एक रॅम्प दोन बोटं खचला तरी वरचं मशीन एका अंगाला कलतं, आणि खालून बघणाऱ्याला ते उशिरा कळतं.

रॅम्पचा चढ १५ अंशांपेक्षा जास्त नको. तुम्ही शिकलेली माणसं, तुला गणित सांगायला नको. पण साइटवर कोनमापक घेऊन कोण फिरतं? म्हणून माझा हिशेब असा : लोबेडचा पाट जमिनीपासून एक मीटर उंच असेल तर रॅम्प चार मीटरच्या जवळपास लांब हवा. आखूड असेल तर खाली मुरमाची उतरण करून घ्यायची आणि त्याच रोलरने दाबायची. अर्धा तास जातो. जाऊ दे.

घोडा, म्हणजे लोबेड ओढणारा ट्रक, लोबेडला जोडलेलाच ठेव. त्याचे ब्रेक लावलेले आणि चाकांना पुढून मागून पाचरी. वीस टनांचं पोकलेन शेपटाकडून चढायला लागलं की सगळा भार मागे येतो, शेपूट दबतं आणि घोड्याची मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला ब्रेक असून काय उपयोग? त्यासाठी लोबेडच्या शेपटाखाली ठोकळे रचायचे असतात. निम्म्या साइटवर हे करत नाहीत आणि निम्म्या वेळा काही होतही नाही, म्हणून तर ती सवय मोडत नाही.

पोकलेनचं त्या मानाने सोपं आहे. त्याची चेन रॅम्पला धरते. (मशीनच्या पट्ट्यांना आम्ही चेन म्हणतो आणि बांधायची ती साखळी. तू इंजिनिअर असलीस तरी साइटवर हेच शब्द वापर, नाहीतर भलतंच काहीतरी उचलून आणतील.) चेनमधला चिखल आधी काढायला लाव. पॅनेलवर ससा आणि कासव अशी चित्रं असतात, त्यातलं कासव लावलेलं हवं. बूम चढाच्या दिशेला, बकेट जमिनीपासून वीतभर वर आणि चेन फिरवणारं दातेरी चाक मागे. रॅम्पवर आलं की वळवायचं नाही. वाकडं चढतंय असं वाटलं तर तिथल्या तिथे सरळ करायला जायचं नाही, पुन्हा जमिनीवर उतरायचं आणि नव्याने चढायचं. वरचा भाग रॅम्पवर असताना फिरवायचा तर अजिबातच नाही.

एक जागा मात्र नीट बघ. रॅम्प संपून पाट सुरू होतो तिथे मशीनचा तोल पुढे जातो. नवखा ऑपरेटर तिथे घाबरतो, लिव्हर सोडतो आणि मशीन धाडकन पुढे आदळतं. जाणता माणूस बकेट हलकेच पाटावर टेकवतो आणि मांजर भिंतीवरून उतरावं तसं मशीन खाली ठेवतो. तुझा ऑपरेटर कसा आहे ते तुला याच एका क्षणात कळेल.

आता रोलर.

अकरा टनांचा सॉइल कॉम्पॅक्टर म्हणालीस ना? म्हणजे पुढे दोन मीटरहून रुंद गुळगुळीत पोलादी ड्रम, मागे दोन टायर आणि मध्ये सांधा. पोकलेनच्या निम्म्या वजनाचा, म्हणून सगळे त्याला सोपा समजतात. सायली, लोबेडवर चढवताना माणसं घाबरतात पोकलेनला, घसरतो मात्र रोलर. पोलादी ड्रम, पोलादी रॅम्प आणि मध्ये ओल्या मातीचा थर, यात धरायला काहीच नसतं. ड्रम जागच्या जागी फिरतो, मागचे टायर ढकलत राहतात आणि मशीन मधल्या सांध्यात मोडून बाजूला सरकतं. ऑपरेटर सरळ करायला स्टिअरिंग फिरवतो, त्याने ते आणखी सरकतं.

म्हणून ड्रम धुऊन आणि पुसून घ्यायचा. रॅम्पवर जाड फळ्या टाकायच्या, पण नुसत्या टाकायच्या नाहीत, तारेने आवळायच्या. फळ्या नसतील तर क्रशरवर खडी वाहणाऱ्या जुन्या बेल्टचे तुकडे पडलेले असतात, ते चालतात. व्हायब्रेशन बंद आहे ना ते स्वतः बघ. सांध्याच्या पोटात, म्हणजे मशीन जिथे दुमडतं तिथे, कोणी उभं नको, चढून झाल्यावरही नको. आणि वर गेल्यावर सांध्याची लॉकपिन आठवणीने घालायची.

ऑपरेटरने सीटबेल्ट लावायचा. हे वाक्य मी तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन खोडलीत, कारण इथून पुढे मला खरं लिहावं लागणार होतं.

२००९ च्या जुलैमध्ये माझा पाय गेला तेव्हा तू दुसरीत होतीस. तुम्हाला सगळ्यांना मी सांगत आलो की पाऊस होता, रॅम्प ओला होता, रोलर घसरला. यात खोटं काही नाही. पण ते अर्धंच आहे.

तिथे एक इंजिनिअर होता. आम्ही साहेब म्हणायचो, पण पोरगाच होता, आज तू आहेस तेवढा. नोकरीला लागून त्याला तीन महिनेही झाले नसतील. मी रोलर रॅम्पच्या तोंडाशी आणला तेव्हा तो छत्री धरून पुढे आला आणि म्हणाला, "मामा, थांबा. ड्रमला चिखल आहे. फळ्या मागवल्यात, दहा मिनिटं." आणि मी काय म्हणालो माहीत आहे? म्हटलं, "साहेब, तुम्ही पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होता तेव्हापासून मी मशीन चढवतोय." हेल्पर हसले. फोरमनही हसला. तो पोरगासुद्धा ओशाळल्यासारखा हसला आणि बाजूला झाला.

मी खोटं बोललो नव्हतो. कोकण रेल्वेच्या कामावर विसाव्या वर्षी हेल्पर म्हणून लागलो होतो, पुढे मस्कतला सहा वर्षं काढली. तिथे बेल्ट न लावता मशीन हलवलं तर पगार कापायचे, म्हणून लावायचो. इथे कोण कापणार होतं? बेल्ट सीटच्या मागे अडकवून ठेवलेला होता.

रॅम्पच्या मध्यावर ड्रम फिरायला लागला. मी स्टिअरिंग फिरवलं. मशीन डावीकडे सरकलं आणि मी उडी मारली. उडी मारली म्हणून जीव वाचला असं गावात सगळे म्हणतात, मीही म्हणू देतो. खरं असं आहे की रोलर उलटलाच नाही. लोबेडच्या कडेला टेकून तिरका उभा राहिला. माझी सीट जशीच्या तशी होती, वरच्या लोखंडी पिंजऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता. बेल्ट लावून बसून राहिलो असतो तर शिव्या देत खाली उतरलो असतो. उडी मारली म्हणून पाय रॅम्पच्या आणि ड्रमच्या मध्ये आला.

त्या पोराने रिपोर्टमध्ये लिहिलं की फळ्या वेळेवर उपलब्ध झाल्या नाहीत. मला थांबायला सांगितलं होतं हे त्याने लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर माझी भरपाई अडली असती, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं किंवा त्याचं त्यालाच कळलं असावं. त्या पैशांत आपली मागची पडवी झाली. तो दवाखान्यात एकदा येऊन गेला, मी झोपल्याचं सोंग केलं. महिन्याभरात त्याने ते काम सोडलं. कुठे असतो ते ठाऊक नाही. आईलाही हे माहीत नाही. तिला सांगायचं की नाही ते माझं मी बघीन, तू काही बोलू नकोस.

आता तू छत्री धरून उभी राहणार, आणि रोलरवर माझ्यासारखा कोणीतरी बसलेला असणार.

त्याला तू आदल्या संध्याकाळी भेट. काका म्हण, मामा म्हण, जे तोंडात येईल ते. त्याच्याबरोबर रॅम्पपर्यंत चालत जा आणि जागा त्यालाच विचार. पन्नाशीच्या माणसाला हेल्परांसमोर पोरीने अडवलेलं सहन होत नाही. हे बरोबर नाही, पण आहे. फळ्या आदल्या दिवशीच आणून रॅम्पशेजारी रचून ठेव. फळ्या समोर पडलेल्या असत्या तर मीही कदाचित भांडलो नसतो. दहा मिनिटं थांबायचं म्हटल्यावर मला राग आला होता.

चढवताना खुणा एकाच माणसाने करायच्या. तू कर किंवा फोरमनला करू दे, पण दोघांनी नको. थांबण्याची खूण मात्र कोणीही करावी, अगदी चहा घेऊन आलेल्या पोऱ्यानेसुद्धा, आणि ती दिसली की मशीन थांबलंच पाहिजे. हे सकाळी सगळ्यांना एकत्र उभं करून सांग. ऑपरेटरचे डोळे तुला दिसत नसतील तर त्यालाही तू दिसत नाहीस, जागा बदल. मशीन आणि लोबेड यांच्या मधल्या फटीत कधीही जायचं नाही.

तरी त्याने ऐकलं नाही तर? शिट्टी वाजव, हात वर कर, सगळ्यांना लांब कर, तुझ्या साहेबांना फोन लाव. पण रागाच्या भरात मशीनपुढे जाऊन उभी राहू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

बांधणीचं थोडक्यात. इंजिन बंद, सेफ्टी लिव्हर लॉक केलेला, बकेट लाकडावर टेकवलेली, वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक लावलेला. चारी कोपऱ्यांना चार साखळ्या, मशीनला त्यासाठी दिलेल्या कड्यांतच अडकवलेल्या, हायड्रॉलिकच्या पाइपांवरून नाहीत. साखळीची कडी ताणलेली किंवा झिजलेली दिसली तर ती साखळी बाजूला टाक, वेल्डिंग करून देतो म्हणतील, घेऊ नकोस. घाटात मशीन पुढे, घोड्याच्या केबिनकडे ढकललं जातं, म्हणून पुढे सरकू न देणाऱ्या साखळ्यांकडे जास्त लक्ष दे. सुटल्यावर थोड्याच अंतरावर एकदा आणि घाट उतरण्याआधी हेळवाकला पुन्हा थांबून साखळ्या आवळायला सांग. पहिल्या काही मैलांत मशीन बसतं आणि साखळी सैल पडते. त्या दिवशी घाटात जड वाहनं सोडतायत ना, तेही आधी विचारून घे.

उंची टेपने मोज, जमिनीपासून बूमच्या सगळ्यात वरच्या टोकापर्यंत, आणि कागदावर लिहून ड्रायव्हरच्या खिशात दे. कोकण रेल्वेवर १९९९ पासून ट्रक मालगाडीवर चढवून नेतात ते तुला लहानपणी कोलाडला दाखवलं होतं, आठवतं? चाकांना पाचरी लावलेल्या, ट्रक बांधलेले आणि ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये जेवत बसलेले. तू विचारलं होतंस की ट्रकला तिकीट लागतं का. तिथे उंची बघितल्याशिवाय ट्रक वर घेत नाहीत. आपल्याकडे रस्त्यावर मात्र, जाईल हो, म्हणतात.

गुरुवारी पाऊस लागला तर शुक्रवारी चढवा. लोबेडचं एक दिवसाचं भाडं जाईल, त्यावरून कोणी बोलेल, बोलू दे.

ऐनाच्या लाकडाच्या चार पाचरी करून घेतल्यात, सुताराकडून नाही, मी स्वतः तासल्यात. बुधवारी सकाळच्या चिपळूण-कराड एसटीत गोणपाटात बांधून देतोय. तुझं नाव खडूने लिहिलंय. स्टँडवर कोणाला तरी बरोबर घेऊन जा, जड आहेत, एकटीने उचलू नकोस.

आमटीचं काय ते पुन्हा सांग.

तुझा,
बाबा