रणगाडा गेला, दिल्या

प्रिय दिल्या,

रणगाडा गेला, माझा तो जुना जाडजूड लॅपटॉप. फोनवर सांगितलं असतं तर तू आधी हसला असतास आणि मग ‘मी काय म्हणालो होतो’ सुरू केलं असतंस, म्हणून लिहितोय. पत्रात मधे तोंड घालता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

झालं असं की टचपॅड वर यायला लागला. क्लिक बसेना. टेबलावर ठेवला की डुगडुगायचा. मागचं झाकण उघडलं तर बॅटरीचा मधला सेल टम्म फुगलेला. ताबडतोब काढली आणि नीट विल्हेवाटीला दिली. आता नुसत्या चार्जरवर चालू होतो, पण जोर धरत नाही. या जातीच्या लॅपटॉपना भर लोडला चार्जर पुरत नाही तेव्हा बॅटरी हात देते. तीच नाही म्हटल्यावर तो स्वतःच दबून चालतो. झाकणाचा एक स्क्रू अजूनही नाहीच, हे सांगतो. रॅम घालताना होस्टेलवर तू हरवलेला तोच. ‘लांब्याने हरवला’ ही तुझी थिअरी मला तेव्हाही मान्य नव्हती.

तब्येत ठीक. पाठ अधूनमधून धरते, त्याचं खापर मीनल रणगाड्यावर फोडते. बाकी सगळे मजेत.

आता मुद्द्याचं. सुन्या त्याचा नवा लॅपटॉप ‘जरा सगळं बसवून दे’ म्हणून माझ्याकडे ठेवून गेला होता. तुला माहीतच आहे तो कशासाठी घेतो: दिसतो म्हणून. सोळा इंची, ओएलईडी, दोन किलोच्या आत, एका हातात कागदाच्या फाइलीसारखा धरता येतो, आणि आत आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड. सगळं बसवून झालं आणि मग साहजिकच मी आपली ती डोंगरातली रेस टाकली. तू कायम दरीत जायचास ते वळणसुद्धा तसंच आहे. पण चित्र! त्या पडद्यावर काळं म्हणजे खरोखर काळं. बोगद्यातून बाहेर पडताना डोळे दिपले रे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मीनल ओरडली, “पाऊस आला का? दोरीवरचे कपडे काढ.”

पाऊस नव्हता, पंखे होते.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. मला नवा घ्यावाच लागणार, कारण रेंडरची, म्हणजे थ्रीडी सीनवरून चित्रं काढून घ्यायची, कामं थांबलीत. पातळ घ्यायचा की दुसरा रणगाडा, हे ठरत नाही, आणि याच्यावर तासभर भांडायला तुझ्याशिवाय कुणी नाही. सुन्याला विचारलं तर तो रंग कोणता म्हणतो.

तुझा पहिला मुद्दा मला पाठ आहे: नाव तेच, जीव अर्धा. आणि तो खोटा नाही. लॅपटॉपच्या ४०७० ला बूस्ट (वरून तात्पुरती मिळणारी जादा वीज) सोडून ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही मिळू शकतं. झाकणावरच्या स्टिकरवर मात्र दोघांचं नाव एकच. पूर्वी निदान कमी वॅटच्या कार्डाला ‘मॅक्स-क्यू’ अशी शेपटी असायची. २०१७ ला ती आली तेव्हा आपण दोघांनी तिला नावं ठेवली होती. २०२१ च्या सुमाराला कार्डाच्या नावातून शेपटी गेली आणि कंपन्यांनी वॅटचा आकडा लिहावा असं ठरलं. लिहितात, पण कुठे? तपशिलाच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. मी सुन्याच्या मशीनचा शोधून काढला. ९० वॅट. त्याला सांगितलं तर म्हणाला, “चांगलं आहे ना मग?” काय बोलणार.

आणि वरच्या कार्डांची तर आणखी गंमत. लॅपटॉपची ४०९० ही मुळात डेस्कटॉपच्या ४०९० ची चिपच नाही. डेस्कटॉपच्या ४०८० ला जी चिप आहे ती तिच्यात बसवलीय. मेमरी २४ च्या जागी १६ जीबी, आणि वीज ४५० वॅटच्या जागी बूस्ट धरून फार तर १७५. तेही जाड डब्यात. काही पातळ डब्यांत तीच ४०९० सव्वाशेच्या आसपास आवळतात. मोठं नाव घेऊन लहान श्वास घ्यायचा. तुझं हे वाक्य मी आता तुझ्याविरुद्धच वापरणार आहे, थांब.

कारण या वेळी मी फक्त भांडलो नाही, करून पाहिलं. सुन्याच्या मशीनवर रात्री बसून आधी पंख्यांचा मोड ‘टर्बो’वरून ‘सायलेंट’वर आणला. मग फ्रेम सेकंदाला साठवर बांधले. मग ग्राफिक्स कार्डाची व्होल्टेजची रेघ थोडी खाली ओढली. दिल्या, पाऊस थांबला. आणि खेळताना मला फरक शोधावा लागला. सावल्या एक पायरी खाली केल्या होत्या, त्यासुद्धा गाडी उभी करून बघितल्यावर कळल्या.

यात जादू काही नाही. चिप जितकी वेगात पळवशील तितकी वीज वाढते, ते ठीक. पण वेग चढवायला व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते: व्होल्टेज दुप्पट तर वीज चौपट. म्हणून शेवटचा थोडासा वेग सगळ्यात जास्त वॅट खातो. ते वॅट काढून घेतले तर कार्ड थोडं मागे पडतं, आणि उष्णता मात्र धडाधड उतरते. म्हणजे तू ‘जीव अर्धा’ म्हणतोस तिथे अर्धी झालेली असते ती वीज. वेग तितका पडत नाही. कागदावरच्या वॅटवरून मशीन जोखणारे तुझ्यासारखे लोक इथे चुकतात. (हे वाक्य लिहिताना मला किती बरं वाटलं सांगू!)

आता तू म्हणशील, मग मोठी चिप घे आणि कमी वॅटवर चालव, ती तर आणखीच किफायती. बरोबर आहे. रुंद चिप हळू पळवली तर लहान चिप दामटण्यापेक्षा तेवढ्याच वॅटमध्ये जास्त काम देते. पण किती जास्त? डबा तोच, पंखे तेच, बाहेर फेकता येणारी उष्णता तीच. तिथे वरच्या कार्डाचे पैसे पूर्ण मोजायचे आणि त्याचा फायदा तुकड्यातुकड्याने घ्यायचा, हे माझ्या गळी उतरत नाही. पातळ डब्यात मधलं कार्ड, हे माझं ठरलंय. फक्त ८ जीबी मेमरी बोचते. खेळापुरती चालेल, पण मोठा सीन उघडला की ब्लेंडर, माझं थ्रीडीचं सॉफ्टवेअर, तोंड फिरवतं. १२ किंवा १६ चं कार्ड घ्यायचं तर एक-दोन पायऱ्या वर जावंच लागतं, आणि हे बारा-सोळाचं मला गेले कितीतरी दिवस झोपू देत नाहीये.

आवाजाबद्दल तुझ्याशी मी हुज्जत घालणार नाही, कारण तुझा डेस्कटॉप वेगळ्या खोलीत आहे आणि तू कानात हेडफोन घालून बसतोस. मला ऐकू येत नाही हा प्रश्न नाहीये, बाकीच्यांना येतं हा आहे. चिऊ झोपल्यावर मला जो काय वेळ मिळतो तो तिच्याच खोलीच्या दाराशी. डेसिबलच्या आकड्यावर जाऊ नकोस; चाळीसाचे पन्नास झाले की कानाला साधारण दुप्पट वाटतं. शिवाय पातळ मशीनचे पंखे लहान, म्हणजे तेवढीच हवा ढकलायला ते जास्त फिरतात आणि आवाज किनरा येतो. रणगाडा घुमायचा, हा सुसाटतो. घुमणं त्या मानाने बरं.

गरम कुठे होतो हेही हात लावून पाहिलं. एफ-किल्ल्यांच्या वरची पट्टी चटका देते, पण तिथे बोट जात नाही. तळहाताखाली थंडगार. मधे डब्ल्यू, ए, एस, डी वर ऊब लागते आणि त्यातही डब्ल्यूवर जास्त, जिथे बोट कायम दाबलेलं. आतला मुख्य प्रोसेसर ९५ अंशांवर असला तरी घाबरू नये, त्याला तसंच बनवलंय. बोटाला लागतं ते महत्त्वाचं. गादीवर ठेवला तर मात्र खेळ खलास, हवा खालूनच आत जाते.

तुला एसूसचं ते पातळ झेफिरस आठवतं का, २०१७ चं? झाकण उघडलं की तळ आपोआप किंचित खाली उघडायचा, हवेसाठी. कीबोर्ड अगदी पुढच्या कडेला, टचपॅड उजवीकडे. ‘मनगटं काय शेजाऱ्याकडे ठेवायची?’ म्हणून तू रात्रभर वाद घातला होतास, आणि आपण दोघंही तो घेणार नव्हतो! २०२० ला त्यांनीच चौदा इंची काढला, त्याला वेबकॅम नव्हता. नेमकं जग वेबकॅमसमोर बसलं त्या वर्षी. लांब्या तर म्हणायचा की मीटिंग टाळायला याहून चांगलं मशीन नाही.

मला खरा घाबरवतो तो रॅमचा प्रश्न. रणगाड्यात तू स्क्रू हरवूनसुद्धा आठाचे सोळा करू शकलास. आताच्या बहुतेक पातळ मशीनमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर करून पक्की केलेली असते. घेतली तेवढी, शेवटपर्यंत तेवढीच. डिस्क तेवढी बदलता येते. म्हणजे पहिल्याच दिवशी ३२ घ्यायची, आणि पाच वर्षांनी मला काय लागेल हे आज सांगायचं. काही मशीनमध्ये चिपवर उष्णता ओढणाऱ्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, असतं. उष्णता छान ओढतं, पण ते वीजवाहक, आणि ॲल्युमिनियमला लागलं तर ते खातं. म्हणजे रणगाड्यासारखं वर्षाकाठी उघडून फुंकर मारणं, पेस्ट बदलणं, हे घरगुती उद्योग बंद. तुला हे ऐकून माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटेल.

आणि चार्जर! वजन लिहितात ते नुसत्या लॅपटॉपचं. सुन्याच्या चार्जरचं धूड मी हातात घेतलं तेव्हा कळलं, हा पातळपणा पिशवीत शिरताना चार्जरपाशी अडतो. कामापुरता १०० वॅटचा टाइप-सी चालतो, खेळायला नाही. बॅटरीवर खेळायचा तर विचारच सोड. विमानात विनापरवानगी १०० वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठ्यातली मोठी ९९ च्या घरात थांबते, आणि त्यातून भर वेगात कितीसा वेळ जाणार? शिवाय बॅटरीवर गेला की कार्ड स्वतःच मान खाली घालतं.

तरीही मी पातळाकडेच झुकतोय. दर आठवड्याला मशीन उचलून जावं लागतं, तेव्हा रणगाडा मी नेत नव्हतोच, तो घरी राहायचा आणि मी ऑफिसच्या डबड्यावर कुढत बसायचो. ‘घरी डेस्कटॉप, पिशवीत साधा लॅपटॉप’ हा तुझा कायमचा उपाय मी परत एकदा प्रामाणिकपणे तपासला. रॅम वाढवता येते, आवाज कमी, वेग जास्त, सगळं खरं. पण दोन मशीन म्हणजे प्रत्येक प्लगिन दोनदा, प्रत्येक फाइल ‘नवी कुठली’ म्हणून शोधायची, आणि खेळ मात्र एकाच खोलीत. माझा वेळ त्या खोलीत सापडत नाही, दिल्या. तो सापडतो कुठेतरी उपऱ्या टेबलावर, रात्री साडेदहाला, अर्धा तास. तिथे ९० वॅट मिळाले तर मला पुरतात. ७० सुद्धा पुरतील, आवाज नसेल तर.

बरं, तुझं काय? बदलीचं पत्र आलं की अजून टांगलंय? काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव. ओंकारची परीक्षा संपली असेल. त्याला म्हणावं, रेसमध्ये बापावर जाऊ नकोस.

एक काम कर. तुझ्या डेस्कटॉपवर कार्डाच्या पॉवर लिमिटची पट्टी जमेल तितकी खाली ओढ आणि आपला तो जिन्याचा सीन दोनदा रेंडर कर, एकदा पूर्ण विजेवर आणि एकदा खालच्या. दोन्हींची वेळ आणि कार्डाने किती मेमरी खाल्ली तो आकडा पाठव. मेमरी आठच्या आत राहिली तर मधलं कार्ड पक्कं. वर गेली तर मला सोळाकडे बघावं लागेल आणि मग मीनलशी बोलावं लागेल, ते काम तुझ्यावर सोपवीन म्हणतो. आकडे खरे पाठव, तुझ्या बाजूने वळवू नकोस. रविवारपर्यंत आले तर बरं, सुन्या सोमवारी त्याचा न्यायला येतोय.

तुझा,
अव्या