केमो चालू असताना हळदीचा डोस कशाला?

महोदय,

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. म्हणजे हळद जास्त खपली तर फायदा माझाच, तरी हे लिहितोय.

'केमो लागू पडत नसेल तर मायक्रोआरएनए हळदीने बंद करा' असा मेसेज सध्या फिरतोय. परवा मिरजेहून एक बाई नवऱ्याच्या केमोची फाईल पिशवीत घालून थेट दुकानात आल्या. पाच किलो राजापुरी हवी होती, दुधातून रोज वाटीभर द्यायला! पाव किलो दिली आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाजीपलीकडे वापरू नका म्हणालो.

माझी भाची बायोटेक शिकते, तिला खोदून खोदून विचारलं. मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतल्या आरएनएचे जेमतेम बावीस अक्षरांचे तुकडे. जनुकाकडून निघालेल्या निरोपाला चिकटून ते प्रथिन तयारच होऊ देत नाहीत. त्यांच्या शोधासाठी अॅम्ब्रोस आणि रुव्हकुन या शास्त्रज्ञांना 2024 चं नोबेल मिळालं. मिर-21 नावाचा मायक्रोआरएनए बऱ्याच कॅन्सरमध्ये वाढलेला असतो. पेशीच्या वाढीला लगाम घालणारी पीटेन, पीडीसीडी4 ही प्रथिनं तो दाबतो, मग औषधाचा मार बसूनही पेशी मरत नाही. उलट मिर-15 आणि 16 हे मायक्रोआरएनए कमी झाले की पेशीला जगवणारं बीसीएल2 वाढतं, परिणाम तोच. नातेवाईक मात्र 'पथ्य पाळलं नसेल' म्हणून पेशंटलाच बोल लावतात, याचा मला फार राग येतो.

हळदीतल्या कुरक्युमिन या घटकाने मिर-21 कमी होतो हे खरं, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये. हळदीत कुरक्युमिन असतं दोन ते पाच टक्के, आणि पोटातून रक्तात उतरतं त्यातलं फारच थोडं. शिवाय 2002 च्या एका प्रयोगात स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर कुरक्युमिनने केमोचाच परिणाम कमी केला होता! हे मेसेजमध्ये कोण लिहिणार? मिर-34 या दुसऱ्या मायक्रोआरएनएवर बेतलेल्या खऱ्याखुऱ्या औषधाची माणसांवरची चाचणीसुद्धा 2016 मध्ये गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली.

आपणास विनंती एवढीच, की अशी बातमी छापताना प्रयोग पेशींवर झाला, उंदरावर की पेशंटवर, हे मथळ्यातच यावं. आणि जिल्हा पुरवणीतल्या हळदीच्या कॅप्सूलच्या जाहिरातींनाही हाच नियम लावावा.

– एक हळद अडत्या, मार्केट यार्ड, सांगली